चांदीपुरा : विषाणू वाढतो कसा आणि घात करतो कसा



मृगाचा पाऊस पडला, पऱ्हे टाकून झाले, की आपल्या धानपट्ट्यातील प्रत्येक घराचे लक्ष बांधीकडे लागते. रोवण्याचे दिवस म्हणजे हाताला काम आणि गाठीला दोन पैसे. माय सकाळी चिखलात उतरते ती दिवेलागणीलाच घरी परतते. नेमक्या याच दिवसांत लहान लेकरांना ताप येतो. बहुतेक वेळा तो साधा असतो, दोन-तीन दिवसांत उतरतो. पण कधी कधी सकाळी अंगणात खेळणाऱ्या लेकराला दुपारी फणफणून ताप भरतो, रात्री झटके येतात आणि दुसऱ्या दिवशीचा सूर्य मावळण्यापूर्वी सारे संपून जाते. मग वस्तीत कुजबुज सुरू होते. "बाहेरचे लागले", "नजर लागली", "कोणी करणी केली." इतक्या थोड्या वेळात एवढा मोठा घात करणारा शत्रू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माणूस न दिसणाऱ्या भुताला दोष देऊन मोकळा होतो.

पण शत्रू आहे. त्याला नाव आहे, आकार आहे, आणि त्याची काम करण्याची रीत शास्त्रज्ञांनी टप्प्याटप्प्याने शोधून काढली आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. वाणिज्य शाखेचे पदवीधर, पोटासाठी कारकुनी करणारे आणि उरलेला वेळ वस्तीत घालवणारे आम्ही फुलचूरकर. तरीही ही गोष्ट सांगण्याचे आम्ही योजले आहे, कारण ती समजली तर करणीची भीती जाते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दवाखान्यात जाण्याचे मोलाचे तास वाचतात.

नाव आपल्याच विदर्भातले

ज्या विषाणूविषयी आज लिहीत आहोत त्याचे नाव चांदीपुरा. हे नाव कुठल्या परदेशातून आलेले नाही. नागपूरजवळच्या चांदीपुरा या ठिकाणावरून ते पडले. १९६५ साली त्या भागात तापाची साथ चालू होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा दोन रुग्णांच्या रक्तात पूर्वी कोणालाच माहीत नसलेला विषाणू सापडला. भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी १९६७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. हे केंद्र १९५२ साली सुरू झाले होते. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजेच एनआयव्ही, या नावाने ओळखले जाते. कोरोनाच्या काळात हे नाव घरोघरी पोहोचलेच आहे.

सुरुवातीला या विषाणूकडे कोणी फार गांभीर्याने पाहिले नाही. ताप येतो आणि जातो, एवढीच समजूत होती. २००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये मात्र त्याने खरे रूप दाखवले. त्या वेळच्या आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची साथ आली. ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतील १८३ दगावली. आपल्या विदर्भातही त्या वर्षी मुले गेली. २००७ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात पुन्हा साथ आली आणि तपासणीत पुन्हा चांदीपुराच सापडला. अगदी अलीकडे, २०२४ च्या जून ते ऑगस्टमध्ये, मुख्यतः गुजरातेत मोठा उद्रेक झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार त्या काळात देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ रुग्णांमध्ये चांदीपुरा विषाणू असल्याचे तपासणीत सिद्ध झाले.

विषाणू म्हणजे नेमके काय?

आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे कित्येक माय-बहिणींची बोटे तेंदूपानात तंबाखू भरून बिड्या वळता वळता झिजली आहेत. विषाणूचा शोध याच तंबाखूच्या पानावर लागला. तंबाखूच्या पिकावर एक रोग पडत असे आणि पानांवर फिकट-गडद ठिपके उमटत. १८९२ साली रशियातील इव्हानोव्हस्की या शास्त्रज्ञाने रोगट पानांचा रस काढून तो चिनी मातीच्या अतिसूक्ष्म गाळणीतून गाळला. राईस मिलच्या चाळणीवर खडा अडकतो आणि कणी खाली पडते, तसे त्या गाळणीवर सर्व जिवाणू अडकायला हवे होते. ते अडकलेही. तरी खाली आलेला स्वच्छ रस निरोगी रोपाला लावताच ते रोप रोगट झाले. म्हणजे जिवाणूंहूनही बारीक असे काहीतरी गाळणीतून निसटले होते. १८९८ साली हॉलंडच्या बायरिंक यांनी पुढचा मुद्दा दाखवून दिला, की ही निसटलेली वस्तू नुसत्या रसात वाढत नाही, जिवंत पेशी मिळाली तरच वाढते.

या एका वाक्यात विषाणूचे सगळे मर्म आहे. जिवाणू हा कसा का असेना, स्वतःचे घर-संसार असलेला जीव आहे. तो अन्न घेतो, वाढतो, एकाचे दोन होतो. विषाणूजवळ यातले काहीच नाही. त्याला चूल नाही, भांडी नाहीत, हातपाय नाहीत. तो म्हणजे प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला एक लिखित आदेश, एवढेच. पेशीबाहेर तो मढ्यासारखा पडून राहतो. पेशीत शिरला की तिच्याच चुलीवर, तिच्याच भांड्यांत, तिच्याच सरपणावर स्वतःचा स्वयंपाक मांडतो.

त्यामुळेच विषाणूच्या आजारावर अँटिबायोटिक गोळ्यांचा उपयोग होत नाही. ही औषधे जिवाणूची चूल-भांडी मोडतात. विषाणूची स्वतःची चूलच नाही, तर मोडणार काय? ताप आला की दुकानातून दोन लाल-पिवळ्या कॅप्सूल आणून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

चांदीपुरा विषाणूचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील सुमारे दीडशे भाग एवढी त्याची लांबी. त्याच्या पोटात आरएनए नावाचा एक धागा असतो आणि त्या धाग्यावर सुमारे ११ हजार अक्षरांचा मजकूर. या साप्ताहिकाच्या दोन-तीन पानांत मावेल एवढाच. माणसाच्या एका पेशीतील मजकूर तीनशे कोटी अक्षरांच्या घरात जातो. म्हणजे तीनशे कोटींच्या दफ्तराला ११ हजार अक्षरांचा एक बनावट कागद वेठीस धरतो.

पेशीचे कार्यालय आणि उलटा शिक्का

कारकुनाला कार्यालयाचा दाखला लवकर सुचतो, तो वाचकांनी चालवून घ्यावा. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशी हे एक कार्यालय समजा. आत केंद्रक ही साहेबांची खोली. मूळ दफ्तर तिथे कुलपात. तिथून आदेशाच्या नकला निघतात आणि बाहेर बसलेले कामगार त्या वाचून प्रथिने तयार करतात. या कामगारांना रायबोसोम म्हणतात. ते फार प्रामाणिक, पण तितकेच भोळे. कागद कोणी पाठवला हे ते विचारत नाहीत. वाचता येणारा आदेश हातात पडला की त्याप्रमाणे काम करायचे, एवढेच त्यांना ठाऊक.

विषाणू प्रथम फाटकावर येतो. त्याच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिने असतात. ती पेशीच्या पडद्याला चिकटतात. पेशीला वाटते, हे आपल्याच कामाचे काही असेल. ती पडद्याची पिशवी करून त्याला आत घेते. या पिशवीत हळूहळू आम्लता वाढते. दुधात लिंबू पिळले की दूध रूप बदलते, तसे त्या आंबटपणाने विषाणूचे काटे आपले रूप बदलतात, पिशवीचा पडदा आणि विषाणूचे वेष्टन एकमेकांत मिसळून टाकतात, आणि आतला आरएनए-धागा पेशीत मोकळा होतो.

पण इथे एक अडचण येते. चांदीपुराचा मजकूर उलट लिपीत असतो. आमच्या टेबलावरचा रबरी शिक्का पाहा. त्यावरची अक्षरे उलटी कोरलेली असतात. शिक्का हातात धरून वाचता येत नाही, तो कागदावर उमटवावा लागतो. कोरोना विषाणूचा आरएनए सुलट आहे, कामगारांना तो थेट वाचता येतो. चांदीपुराचा आरएनए मात्र शिक्क्यासारखा उलटा, आणि असा आरएनए छापून सुलट करणारे यंत्र आपल्या पेशीत नाही. म्हणून हा पाहुणा शिक्क्याबरोबर शिक्का उमटवणारा हातही आपल्या पिशवीतून घेऊन येतो. ते एक विकर, म्हणजे काम घडवून आणणारे प्रथिन असते.

आत शिरताच हे विकर उलट्या धाग्यावरून सुलट आदेश छापू लागते. आदेश पाचच. पाच प्रथिने तयार करा. एक प्रथिन धाग्याला गुंडाळून सुरक्षित ठेवणारे, दोन छपाईची, एक बाहेरच्या काट्यांचे आणि एक बांधणीचे. भोळे कामगार कामाला लागतात. बांधणीचे प्रथिन तर आणखी एक लबाडी करते. ते पेशीच्या स्वतःच्या आदेशांचे काम दाबून टाकते. म्हणजे साहेबांच्या खोलीतून कागद बाहेर येणे घटते आणि सगळे कार्यालय परक्याच्या हुकमतीखाली जाते.

प्रथिने पुरेशी झाली की विषाणू पूर्ण ११ हजार अक्षरांचा एक सलग सुलट ठसा काढून घेतो आणि त्या ठशावरून नवे उलटे शिक्के पाडतो. एकाचे दहा, दहाचे शंभर. प्रत्येक नवा धागा प्रथिनांत गुंडाळला जातो, पेशीच्या कडेला येतो, आणि पेशीच्याच पडद्याचा तुकडा पांघरून गोळीच्या आकारात बाहेर पडतो. हा सगळा खेळ अवघ्या काही तासांचा. लुबाडलेली पेशी शेवटी मरून जाते.

या कामात चुकाही होतात. आरएनएच्या नकला काढणारे हे विकर काढलेली नक्कल मुळाशी ताडून पाहत नाही. त्यामुळे दर पिढीत एखादे अक्षर इकडचे तिकडे होते. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात, एखादी त्याच्या फायद्याची निघते. आरएनए विषाणू रूप बदलत राहतात ते यामुळेच.

आता थोडे चक्रवाढ व्याज मांडू. समजण्यासाठी धरू या, की एका पेशीतून शंभर विषाणू निघाले. ते शंभर पेशींत शिरले, तर पुढच्या फेरीला दहा हजार. त्यापुढच्या फेरीला दहा लाख. अवघ्या तीन फेऱ्या आणि फेरी काही तासांची. सावकाराच्या व्याजानेही इतक्या झपाट्याने घर बुडत नाही. सकाळी खेळणारे लेकरू रात्री बेशुद्ध का होते, याचे उत्तर करणीत नसून या हिशेबात आहे.

रोग कसा होतो?

शरीर काही गप्प बसत नाही. परका शिरल्याची वर्दी मिळताच पेशी शेजारच्या पेशींना सावध करणारे पदार्थ सोडतात. ताप येतो तोही या लढ्याचाच भाग. त्यानंतर खास त्या विषाणूला ओळखून पकडणारी प्रतिपिंडे तयार होतात. पण अनोळखी विषाणूविरुद्ध ती पुरेशी तयार व्हायला काही दिवस जावे लागतात. सर्दीचा विषाणू तेवढा अवधी देतो. नाकाच्या पेशी मेल्या तर नव्याही येतात. चांदीपुरा मात्र मेंदूवर चाल करतो. मेंदूतील पेशी एकदा मेल्या की सहसा पुन्हा उगवत नाहीत. मेंदूला सूज येते, आणि कवटी हाडाची असल्यामुळे त्या सुजेला पसरायला जागा नसते. आत दाब वाढतो. उलट्या होतात, झटके येतात, शुद्ध हरपते. कित्येक मुले पहिल्या लक्षणापासून २४ ते ४८ तासांत दगावतात. प्रतिपिंडांची फौज तयार होण्याआधीच लढाई संपलेली असते.

हा आजार मुख्यतः पंधरा वर्षांखालील मुलांनाच का होतो, असा प्रश्न एका भगिनीने आम्हाला केला होता. ज्या भागात हा विषाणू आहे तिथे रक्ततपासणीच्या पाहण्या झाल्या आहेत. वय वाढते तसे अधिकाधिक लोकांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे आढळतात. म्हणजे पुष्कळ जणांना लहानपणी त्याची लागण होऊन गेलेली असते आणि त्यांना कळतही नाही. ज्यांची त्याच्याशी पहिलीच गाठ असते अशी लेकरेच त्याच्या तावडीत सापडतात.

तो येतो कोठून? भिंतीच्या भेगेतून

चांदीपुरा मुख्यतः वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. तिला सँडफ्लाय असेही म्हणतात. ती डासापेक्षा पुष्कळच लहान, दोन-तीन मिलिमीटरची, मातकट रंगाची. बसली की पंख उभे धरते. डासासारखी गुणगुणत नाही, त्यामुळे चावल्याचे कळत नाही. लांब उडत नाही, टुणटुण उड्या मारीत जमिनीलगत फिरते. दिवसा मातीच्या भिंतीच्या भेगांत, कोठ्यातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसते आणि सांज झाली की बाहेर पडते. ओलसर मातीत, शेण-कचऱ्याच्या आसऱ्याने अंडी घालते.

आता हे वर्णन कोणत्या घराचे झाले, हे सांगायला नको. कुडा-मातीचे घर, भिंतीला लागून गुरांचा कोठा, दाराशी शेणखताचा खड्डा, आणि थंड जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेली मुले. विषाणू माणसाची जात विचारत नाही हे खरे. पण तो ज्या भेगेतून येतो ती भेग कोणाच्या वाट्याला आली, हे मात्र समाजाने ठरवलेले असते. घरकुलाचा प्रश्न हा नुसत्या निवाऱ्याचा प्रश्न नाही, लेकरांच्या जिवाचा प्रश्न आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. या आजारावर लस नाही. तोवर गिलावा केलेली पक्की भिंत हीच आपली लस.

ताप आल्यावर घ्यावयाची काळजी

चांदीपुरावर खास औषधही अजून नाही. मग दवाखान्यात न्यायचे कशाला, असे कोणी म्हणेल. तेच तर चुकते. विषाणू मारणारे औषध नसले तरी मेंदूची सूज उतरवणारे, झटके थांबवणारे उपचार आहेत, प्राणवायू आहे, सलाईन आहे. शरीराची फौज तयार होईपर्यंत लेकराला तगवून धरणे हे रुग्णालयाचे काम. म्हणून जेवढे लवकर, तेवढे बरे. पुढील गोष्टी घरातील प्रत्येकाने पाठ कराव्यात.

१) पावसाळ्यात मुलाला एकदम जोराचा ताप आला आणि सोबत उलट्या, झटके, बडबड, गुंगी यांपैकी एकही लक्षण दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट मोठे शासकीय रुग्णालय गाठावे.

२) झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. नाकाला कांदा लावणे, चप्पल हुंगवणे यात वेळ दवडू नये.

३) ताप असेल तर ओल्या कपड्याने अंग पुसावे. शुद्धीवर असलेल्या मुलाला वजनाच्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन देऊ नये.

४) भगताकडे, उतारा-अंगाऱ्यासाठी जाण्यात जो तास जातो तो पुन्हा मिळत नाही. वर मांडलेला हिशेब आठवावा. त्या एका तासात विषाणू थांबलेला नसतो.

५) आजाराची खबर आशाताईला किंवा उपकेंद्रात द्यावी. रक्ताचा नमुना पुण्याला तपासणीसाठी गेला, तर शेजारच्या दहा घरांतील मुले सावध होतात.

वस्तीने करावयाचे काम

रोवण्याआधी एक रविवार काढून भिंतींच्या भेगा लिंपाव्यात, शेणखताचा खड्डा घरापासून लांब न्यावा, मुलांना शक्यतो खाटेवर आणि औषध लावलेल्या मच्छरदाणीत निजवावे. साध्या जाळीतून ही बारीक माशी शिरू शकते, म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी असे म्हटले. आरोग्य खात्याचे लोक फवारणीला आले, की त्यांना पुढच्या खोलीतूनच परत पाठवू नये. कोठा आणि मागची सांदही दाखवावी. आणि आमची माय-बहिणींना एक खास विनंती आहे. फवारलेली भिंत लगेच सारवू नये. सणासुदीला घर लख्ख दिसावे ही हौस आम्ही समजतो, पण त्या पोतेऱ्याबरोबर माशी मारणारे औषधही निघून जाते. फवारणी टोकाच्या घरापर्यंत झाली की नाही, हे ग्रामसभेत उभे राहून विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तो वापरावा. रमाई आवास योजनेतील घरकुलाचे अर्ज कोठे अडले आहेत, हेही तिथेच विचारावे. अर्ज लिहून द्यायला आमच्यासारखे कारकून वस्तीवस्तीत आहेत.

आणखी एक गोष्ट. हा आजार रुग्णाजवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने किंवा मयतीला खांदा दिल्याने लागत नाही. ज्या घरातले लेकरू गेले त्या घराशी पाणी-पावसाचा व्यवहार तोडणे, त्यांच्या दारावरून मुलांना ओढून नेणे, हे अज्ञान आहे आणि क्रूरपणाही आहे. दूर राहणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. निदान आपण तरी ते कोणाच्या दारात नेऊ नये. त्या मायजवळ जाऊन बसावे. "तुझ्या हातून काही पाप झाले नाही, कोणी करणी केली नाही, एका बारीक माशीच्या चाव्यातून हे आले," एवढे तिला समजावून सांगावे. शेजारणीवर येणारा चेटकिणीचा आळही त्यामुळे टळतो.

आपल्या आज्या-पणज्या देवी रोगाला खरोखरची देवी समजून तिची ओटी भरत. तीही विषाणूचीच करामत होती. माणसाने लस शोधली, दारोदार जाऊन टोचली, आणि १९७५ नंतर भारतात देवीचा स्थानिक रुग्ण राहिला नाही. १९८० साली जगातून ती गेल्याचे जाहीर झाले. पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. हे दोन्ही विषाणू नवसाने गेले नाहीत, लसीमुळे गेले. चांदीपुराचीही पाळी येईल. तोपर्यंत भेगा बुजवणे आणि तापाच्या रात्री उजाडण्याची वाट न पाहणे, ही दोन कामे आपल्या हातात आहेत.

हे सदर वाचून झाल्यावर अंक घडी घालून ठेवू नये. ज्यांना वाचता येत नाही अशा शेजारच्या दोन घरांत ते मोठ्याने वाचून दाखवावे, आणि १०८ हा आकडा त्यांच्या दारामागे खडूने लिहून द्यावा.